रेषा, उतार आणि पाण्याचा हिशेब : ‘सोक’ या ग्रंथातील विचाराची मीमांसा

अनुराधा माथुर व दिलीप द कुन्हा यांचा ‘सोक : मुंबई इन ॲन एस्च्युअरी’ हा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्या विषयावरील प्रदर्शनही भरले. शहरातील पुरावर निसर्गाच्या अंगाने उपाय सुचविणाऱ्या लेखनात या ग्रंथाचा उल्लेख वारंवार होतो. म्हणूनच त्यातील मूळ सिद्धान्त कितपत टिकतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

लेखकद्वयाचे म्हणणे थोडक्यात असे : मुंबई हे समुद्रात उभे असलेले बेट नव्हे, ते खाडीमुखात वसलेले शहर होय. भूमी व जल यांच्यामधील रेषा भूमापकांनी नकाशावर ओढली. निसर्गात ती कधीच स्थिर नव्हती. पाणी ही रेषा ओलांडते तेव्हा आपण त्यास पूर म्हणतो. म्हणून पाण्याशी भिंतींनी झुंजण्याऐवजी त्यास उतार द्यावा, थांबण्यास जागा द्यावी आणि मुरू द्यावे.

या म्हणण्याचा पूर्वार्ध निःसंशय बळकट आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यास तो केवळ ७३ मि.मी. होता. शहरातील जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी २५ मि.मी. पाऊस वाहून नेईल, अशा बेताने आखलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ५० मि.मी. करण्याची शिफारस केली. त्या दिवशी दुपारी मात्र एका तासातच सुमारे १९० मि.मी. पाऊस पडला, आणि भरतीही त्याच सुमारास होती. गटारे दुप्पट मोठी केली असती तरी ती अपुरीच ठरली असती. त्यातच मिठी नदीचे पात्र विमानतळाच्या धावपट्टीपाशी वळविलेले व आवळलेले. मुखाशी वांद्रे-कुर्ला संकुलासाठी भराव घातलेला. तेव्हा केवळ वाहून नेण्यावर भिस्त ठेवणारी व्यवस्था मुळातच एकांगी आहे, हा ग्रंथाचा निष्कर्ष मान्य करावयास हवा.

अडचण उत्तरार्धात आहे. ग्रंथाच्या शीर्षकातील एका क्रियापदात मराठीतील निदान तीन क्रिया एकवटल्या आहेत : भिजणे, मुरणे आणि साठणे. आपली भाषा त्या वेगळ्या ठेवते, आणि हा भेद केवळ शाब्दिक नाही. महिनाभर पाऊस झाल्यावर जुलैअखेरीस सखल, भरावाची जमीन आधीच भिजून गेलेली असते. तीत पाणी मुरण्यास वाव थोडाच उरतो. ऐन अतिवृष्टीत प्रश्न मुरण्याचा नसून साठवणीचा असतो. साठवण म्हटली की हिशेब आला. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मि.मी. पाऊस पडला तर १ लाख घनमीटर पाणी होते. ते एक मीटर खोलीने धरून ठेवावयाचे तर त्या क्षेत्राचा दहावा हिस्सा मोकळा हवा. ग्रंथाचा भर रेखाचित्रांवर आहे, परिमाणांवर नाही. त्यामुळे चित्रातील उतार किती पाणी पेलील, हे वाचकास उमगत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. भरतीच्या पाण्यास मोकळा असलेला पाणथळ भाग भरतीच्या वेळी आधीच भरलेला असतो. पावसाच्या पाण्यास तेथे जागा मिळत नाही. कांदळवने लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात. परंतु भरतीच्या वेळी ती रिती राहत नाहीत. येथे कोकण व गोव्यातील खाजण जमिनींचे उदाहरण उद्बोधक ठरावे. खाजणात बांध असतो आणि बांधाला दार असते. गोव्यात त्यास ‘मानस’ म्हणतात. भरती चढू लागली की दार मिटते, ओहोटीस ते उघडते, आणि दरम्यानचे पाणी आतल्या सखल भागात थांबते. म्हणजे ही परंपरागत व्यवस्था रेषा पुसत नाही. ती रेषेला दार ठेवते. भिंत व उतार हे परस्परविरोधी नाहीत, असाच याचा अर्थ होय.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. रेषा ही भूमापकाची असते, तशी कायद्याचीही असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली, तीही एक रेषाच होती. जेथे जमिनीचा भाव अतोनात आहे, तेथे सीमा अनिश्चित असल्याचे म्हणणे पाणथळ जागेपेक्षा भराव घालणाऱ्याच्याच सोयीचे ठरण्याचा संभव अधिक. या धोक्यास ग्रंथाच्या मांडणीत पुरेसे उत्तर नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासांतर्गत घरांसाठी पूर्व उपनगरांतील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन घेण्याचा निर्णय राज्य शासनाने केला. हे क्षेत्र एक चौरस किलोमीटरहून किंचित अधिक भरते. त्यावर अर्धा मीटर पाणी धरता आले, तर पाच चौरस किलोमीटरांवर पडलेला १०० मि.मी. पाऊस तेथे सामावेल. सगळी जमीन याच कामी येईल असे नव्हे, आणि धारावीतील रहिवाशांची घरांची गरजही खोटी नाही. परंतु या दोन गरजा एकाच तराजूत घालावयाच्या, तर पाण्याची बाजू आकड्यांनी मांडता आली पाहिजे. ‘सोक’ने पाण्याच्या बाजूने बोलण्याची भाषा दिली, हे तिचे श्रेय अबाधित आहे. त्या भाषेला हिशेबाची, दाराची व कायद्याच्या रेषेची जोड देणे, हे पुढील अभ्यासकांचे कार्य होय.