सोर्स कोण वाचतं? सर्व्हर-स्क्रिप्ट आणि स्वच्छ मार्कअप

मंडळी, "पान ब्राउझरमध्ये नीट दिसतंय ना, मग सोर्स कसा का असेना" हा युक्तिवाद आपण सगळ्यांनीच ऐकलाय. आज तो तपासू. आणि ‘सोर्स सुबकच हवा’ म्हणणाऱ्यांनाही तपासू.

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी लोकांसमोर आणली. एचटीएमएलच्या मधोमध कोड लिहिता येतो, ही तिची सोय. पण ओळीच्या शेवटी पीएचपीचा टॅग बंद झाला, तर त्याला लागून आलेली नवी ओळ ती गिळते. म्हणून फाइलमध्ये सुटसुटीत असलेली यादी सोर्समध्ये चिकटून येते. मग लोक प्रत्येक ‘एको’मध्ये टॅब आणि नव्या ओळीची चिन्हं कोंबतात. आउटपुट देखणं होतं, पण स्क्रिप्ट वाचवत नाही. हा सौदा मला तोट्याचा वाटतो, कारण दुरुस्ती आपल्याला स्क्रिप्टमध्येच करायची असते. शिवाय ‘टेक्स्टएरिया’च्या आत हीच इंडेंट मजकुरात घुसते.

आता आपल्या लिपीकडे येऊ. इंदापूर तालुक्यातलं बावडा घ्या. या नावात युनिकोडची पाच चिन्हं आहेत: ब, काना, व, ड, काना. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण १५ बाइट. पीएचपी ५.४ येईपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, ‘एचटीएमएलएंटिटीज’ हे फंक्शन मजकूर लॅटिन लिपीतला आहे असं गृहीत धरायचं. एन्कोडिंग सांगितलं नाही, की बावड्याच्या जागी १५ परकी चिन्हं! काही साधनं वेगळाच घोळ घालतात: ‘ब’ऐवजी अँपरसँड, हॅश, २३४८, अर्धविराम. पडद्यावर बावडाच दिसतं, पण सोर्समध्ये पाच चिन्हांची ३५ होतात आणि मराठी डोळ्यांनी वाचता येत नाहीत. अस्वच्छ मार्कअप मी याला म्हणतो.

याउलट मराठी विकिपीडिया बघा. २००३ पासून चालू आहे, आणि त्यामागचं मीडियाविकी पीएचपीतच लिहिलेलं. कुठल्याही पानाचा सोर्स उघडा. इंडेंट बेताचीच, वर जावास्क्रिप्टचा मोठा गठ्ठा. नवशिक्याला धडकी भरेल. हा दोषच आहे, झाकायला नको. पण पहिल्याच टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ अशी नोंदलेली असते, त्यामुळे स्क्रीन रीडरला मराठी उच्चार निवडता येतो. मजकूर देवनागरीतच राहतो. संपादकांनी अर्धवट सोडलेले टॅग सर्व्हर दुरुस्त करतो. त्यासाठी आधी ‘टायडी’ होतं, २०१८ पासून ‘रेमेक्स’ आहे. आणि टॅग जोडताना मूल्यं एस्केप करायचं काम एकाच वर्गाकडे सोपवलंय, प्रत्येक प्रोग्रामरच्या आठवणीवर सोडलेलं नाही.

थोडक्यात, ओळी सरळ रेषेत असणं म्हणजे स्वच्छता नव्हे. इंडेंट बघायची असेल तर ब्राउझरचा इन्स्पेक्टर ती करून दाखवतो. पण हरवलेली भाषा, न एस्केप केलेलं मूल्य, शीर्षकाच्या जागी नुसता ठळक ‘डिव्ह’, हे काही तो भरून देत नाही. ते स्क्रिप्टमध्येच नीट लिहावं लागतं. तेव्हा आपल्या पानाचा सोर्स उघडलात, तर आधी मराठी शब्द शोधा. तो जसाच्या तसा सापडला, तर मग टॅब मोजत बसा.