ऐकणे आणि ऐकून घेणे
(उत्कंठाप्रधान नभोनाट्याचा एक विचार)

रहस्यप्रधान वाङ्मयाचा विषय निघाला की आपल्या समीक्षेच्या कपाळावर सूक्ष्मशी आठी उमटते. गुप्तहेरांच्या कथा म्हणजे प्रवासात वेळ काढण्याचे साधन, आणि नभोवाणीवरील त्यांचे अवतार म्हणजे त्याहूनही हलकी करमणूक, असा समज आम्हा शिक्षकवर्गात तरी पुष्कळसा रूढ आहे. गुपित एकदा कळले की त्या कृतीत शिल्लक काय राहते, हा या समजामागील मुख्य आक्षेप होय. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. जिचे सारे बळ शेवटच्या पानात साठवलेले आहे ती कृती दुसऱ्यांदा वाचवत नाही. आणि जी दुसऱ्यांदा वाचवत नाही तिला वाङ्मय म्हणण्यास आपण कचरतो. हा आक्षेप उत्कंठाप्रधान नभोनाट्यमालिकांना कितपत लागू पडतो, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी उदाहरणे घ्यावयाची ती हा प्रकार ज्या देशात विशेष फोफावला त्या अमेरिकेतील घेणे सोयीचे होईल.

तथापि आरंभ इंग्लंडपासून केला पाहिजे. रिचर्ड ह्यूझ यांची ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ ही नाटिका १५ जानेवारी १९२४ रोजी बी.बी.सी.ने ध्वनिक्षेपित केली. खास नभोवाणीसाठी लिहिलेल्या नाटकांत तिला पहिलेपणाचा मान दिला जातो. वेल्समधील कोळशाची खाण पाहावयास गेलेली मंडळी, एकाएकी गेलेले दिवे आणि मागोमाग आत शिरणारे पाणी, एवढाच तिचा विषय. नभोनाट्याने आपला पहिला प्रवेश गडद काळोखात करावा, हा केवळ योगायोग नव्हे. श्रोत्याला काही दिसत नाही ही या माध्यमाची उणीव. पण ह्यूझ यांनी पात्रांनाही काही दिसू दिले नाही. त्याबरोबर श्रोता आणि पात्र एकाच भूमिकेवर आले, आणि उणिवेचेच सामर्थ्य झाले. पुढील सर्व उत्कंठाप्रधान नभोनाट्याचे बीज या एका युक्तीत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकेत हे बीज चौथ्या-पाचव्या दशकात भराभर वाढले. १९३४ साली शिकागोहून मध्यरात्रीच्या सुमारास ‘लाइट्स आउट’ ही मालिका सुरू झाली. १९३७ पासून ‘द शॅडो’ घरोघर ऐकू येऊ लागली. करकरणाऱ्या दाराच्या आवाजाने ओळखली जाणारी ‘इनर सँक्टम’ १९४१ ची. आणि या सर्वांत ज्येष्ठत्व नसले तरी श्रेष्ठत्व जिच्याकडे जाते ती ‘सस्पेन्स’ जून १९४२ पासून सप्टेंबर १९६२ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, चालली. तिचे नऊशेंहून अधिक प्रयोग झाले. एवढ्या मोठ्या राशीत टरफले पुष्कळ असणार हे उघड आहे. शिवाय या मालिका व्यापाराच्या आश्रयाने जगत होत्या. ‘सस्पेन्स’ला काही वर्षे मद्य विकणाऱ्यांचा, तर काही वर्षे मोटारीचे सुटे भाग करणाऱ्यांचा आश्रय होता, आणि श्रोत्याचा श्वास अडकलेला असतानाच त्यांच्या मालाची स्तुती मध्ये येई. तेव्हा या प्रकाराचे मोल ठरविताना निवड करावी लागेल, आणि निवडीस काही कसोटी लागेल.

ती कसोटी हाती येण्यासाठी दोन अपयशे पाहावी. ‘द शॅडो’चा नायक लॅमॉन्ट क्रॅन्स्टन याला पूर्वेकडील देशांत शिकलेली एक विद्या अवगत आहे, तिच्या योगाने तो लोकांच्या मनावर पडदा टाकून अदृश्य होतो. अदृश्य नायक ही कल्पना नभोवाणीला अत्यंत सोयीची खरी. परंतु जो दिसतच नाही आणि दर आठवड्यास विजयी होणार हे ठरलेलेच आहे, त्याच्याविषयी काळजी वाटावी कशी? तेथे कुतूहल आहे, मौज आहे, भय मात्र नाही. दुसरे अपयश ‘लाइट्स आउट’चे. त्या मालिकेत हाडे मोडल्याचे, मस्तके छाटल्याचे आवाज काढण्यात ध्वनिसंयोजकांनी मोठे कौशल्य खर्च केले. मस्तकासाठी कोबीचा गड्डा चिरीत, हे आता सर्वश्रुत आहे. पण असे आवाज ऐकून अंगावर जो काटा येतो तो किळसेचा. आपल्या साहित्यशास्त्राने बीभत्स आणि भयानक असे दोन वेगळे रस मानले, त्यातील विवेक येथे उपयोगी पडतो. जुगुप्सा मनाला वस्तूपासून मागे ओढते. भय मनाला तिच्याशी खिळवून ठेवते. उत्कंठेला हवे असते ते दुसरे.

आता ज्या नाटिकेने ही कसोटी पूर्णत्वाने पार केली तिच्याकडे वळू. ल्युसिल फ्लेचर यांची ‘सॉरी, राँग नंबर’ ही नाटिका ‘सस्पेन्स’मध्ये २५ मे १९४३ रोजी प्रथम सादर झाली. न्यूयॉर्कमधील एका घरात मिसेस स्टीव्हन्सन ही आजारी, अंथरुणाला खिळलेली स्त्री एकटीच आहे. पतीच्या कचेरीशी टेलिफोन जोडून घेण्याचा ती प्रयत्न करीत असता तारांच्या घोटाळ्याने दोन अपरिचित पुरुषांचे बोलणे तिच्या कानी पडते. त्या रात्री सव्वाअकरा वाजता, पुलावरून आगगाडी जात असताना, म्हणजे किंकाळी कोणास ऐकू जाऊ नये अशा बेताने, एका स्त्रीचा खून करावयाचा ठरला आहे. मग सुरू होते तिची धडपड : ऑपरेटर, त्याच्या वरचा अधिकारी, पोलीस, रुग्णालय. ती स्त्री आपणच, हे तिला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

या नाटिकेत घटना म्हणाव्या अशा फार थोड्या. जे काही घडते ते टेलिफोनवर घडते, आणि टेलिफोनवर माणूस म्हणजे केवळ आवाज. खाणीतील काळोखाने जे साधले तेच येथे त्या यंत्राने साधले आहे. मिसेस स्टीव्हन्सनला जेवढे ऐकू येते तेवढेच श्रोत्याला. एक शब्द कमी नाही, एक अधिक नाही. सव्वाअकरा ही वेळ एकदा कानांवर पडली की पुढचे प्रत्येक वाक्य त्या वेळेच्या दिशेने सरकू लागते. ऑपरेटरने ‘जरा थांबा’ म्हटले तरी श्रोत्याच्या छातीत धस्स होते.

परंतु नाटिकेचे खरे बळ स्वभावरेखनात आहे. मिसेस स्टीव्हन्सन ही गोड स्वभावाची अबला नाही. ती चिडखोर, हुकमी, स्वतःच्या आजाराचे कौतुक करणारी आणि ऑपरेटरवर खेकसणारी बाई आहे. अ‍ॅग्नेस मूरहेड या अभिनेत्रीने तिचा स्वर असा लावला आहे की ऐकणाऱ्यालाही प्रथम तिचा कंटाळा यावा. पोलीस अधिकारी तिची तक्रार थंडपणे घेतो, आणि क्षणभर आपणही त्याच्याच बाजूचे असतो. बाई फार बोलतात, असे आपल्यालाही वाटून जाते. नाटिका जसजशी पुढे सरकते तसतसे ध्यानात येते की तिच्या मृत्यूस हे कंटाळणेच कारण होत आहे. तिचे सगळे ऐकतात. ऐकून कोणीच घेत नाही. आपल्या भाषेने ‘ऐकणे’ आणि ‘ऐकून घेणे’ यांत जो भेद केला आहे, तो या अर्ध्या तासाच्या नाटिकेचा खरा विषय होय. आणि त्या रात्री तिचे सर्व बोलणे पहिल्यापासून अखेरपर्यंत ऐकलेला एकच मनुष्य उरतो, तो म्हणजे श्रोता. ज्याला काहीही करता येत नाही.

आता आरंभीच्या आक्षेपाकडे परत येऊ. गुपित कळल्यावर काय उरते? ‘सॉरी, राँग नंबर’ ही नाटिका त्याच मालिकेत, त्याच अभिनेत्रीसह, १९६० पर्यंत अनेकदा पुन्हा सादर झाली. पुनःपुन्हा ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना शेवट ठाऊक होता, आणि तरी ते ऐकत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत १९४३ च्या या प्रयोगाचा समावेश केला आहे. केवळ कोड्याचे उत्तर एवढेच तिचे भांडवल असते तर हे घडले नसते. चित्रपटदिग्दर्शक हिचकॉक यांनी आश्चर्य आणि उत्कंठा यांतील भेद एका उदाहरणाने समजावून दिला आहे. मेजाखाली बाँब आहे हे प्रेक्षकास ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळी काही क्षणांचे आश्चर्य. ठाऊक असेल तर मेजाभोवतीच्या सामान्य गप्पाही त्याला असह्य होतात. म्हणजे ज्ञानाने आश्चर्य संपते, उत्कंठा वाढते. याच लेखिकेची ‘द हिच-हायकर’ ही नाटिका पाहावी. १९४१ साली प्रथम आणि १९४२ मध्ये ‘सस्पेन्स’मध्ये ती ऑर्सन वेल्स यांनी सादर केली. मोटारीने देश ओलांडणाऱ्या तरुणास वाटेवर तोच एक प्रवासी पुनःपुन्हा उभा दिसतो; अखेर घरी टेलिफोन केल्यावर कळते की तो तरुण सहा दिवसांपूर्वीच अपघातात मरण पावला आहे. शेवट धक्कादायक आहे यात शंका नाही. पण दुसऱ्यांदा ऐकताना आरंभीचा आईचा निरोपच वेगळा ऐकू येतो. भीतीची जागा करुणा घेते. गुपित कळल्याने येथे हानी झाली नाही, अर्थ वाढला.

हा अनुभव आपल्या साहित्यविचाराला अपरिचित नाही. भयानक रसाची चर्चा करताना अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’च्या आरंभीचे हरिण उदाहरणादाखल घेतले आहे. दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणारे ते हरिण पाहताना रसिकाला येणारी भयाची प्रतीती अमुक स्थळाची, अमुक काळाची किंवा अमुक व्यक्तीची राहत नाही, असे तो सांगतो. ते हरिण मारले जाणार नाही हे शाकुंतलाच्या प्रत्येक जाणकारास ठाऊक असते, आणि तरीही भय ओसरत नाही. मिसेस स्टीव्हन्सनचे भय त्याच जातीचे आहे.

उलट बाजूने पडताळा घ्यावयाचा तर १९४८ साली याच नाटिकेवरून निघालेला चित्रपट पाहावा. पटकथा फ्लेचर यांचीच, दिग्दर्शन अनातोल लिटवाक यांचे, आणि प्रमुख भूमिकेत बार्बरा स्टॅन्विक यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री. परंतु अर्ध्या तासाचा ऐवज पूर्ण लांबीच्या चित्रपटास पुरविण्यासाठी पतीचे पूर्ववृत्त, त्याचे गैरव्यवहार, त्याचे हेतू हे सारे उलगडून दाखवावे लागले. मूळ नाटिकेत खुनामागे कोण असावे हे केवळ सूचित होते. ‘ध्वनी’ या शब्दाचे आवाज आणि सूचितार्थ हे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतात. चित्रपटाने सूचिताचे वाच्य केले. त्यात कथा अधिक कळते. पण मन त्या बाईच्या उशाशी राहत नाही, पतीच्या भानगडींत गुंतून पडते.

तेव्हा कसोटी अशी ठरते : ज्या उत्कंठाप्रधान नभोनाट्यात श्रोत्याला पात्राइतकेच ऐकू येते आणि त्या ऐकण्याची काही जबाबदारीही त्याच्यावर येते, ते नाट्य पुनःश्रवणास टिकते. जेथे श्रोता सुरक्षित अंतरावरून कोडे सोडवीत बसतो, तेथे उत्तराबरोबर नाटक संपते. या कसोटीने नऊशेंतून बहुतेक प्रयोग गळून पडतील. पण काव्यसंग्रहांना कठोर कसोटी लावली तर तेथे तरी वेगळे काय होईल?

आम्हा शिक्षकांना या विषयात आस्था वाटण्याचे एक विशेष कारण आहे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला देणाऱ्या परंपरेत आपण वाढलो. शाळेत मात्र श्रवणाचा तास नसतो. महाराष्ट्राबाहेरील आपल्या वस्त्यांत तर पुष्कळ मुलांची मराठी डोळ्यांपेक्षा कानांवरच अधिक पोसली जाते. वरच्या वर्गात एखादी श्रुतिका पडद्याआडून वाचवून घ्यावी, आणि नंतर मुलांना कथानक न विचारता कोणत्या क्षणी कोणाच्या स्वरावर विश्वास ठेवावासा वाटला नाही, व तो का, एवढेच विचारावे. उत्तरे पुष्कळदा चुकतील. परंतु दुसऱ्याचे बोलणे अप्रिय स्वरात आले तरी ते ऐकून घेण्याचा अभ्यास त्यातून घडेल, आणि तो कोणत्याही भाषेच्या शिक्षणक्रमास उणेपणा आणणारा नाही.