बापूंची कुटी आणि बटाट्याची चाळ

दिवाळी अंकात घराविषयी लिहावयाचे म्हणजे सडा-रांगोळी, आकाशकंदील आणि माहेरची ओसरी यांविषयी लिहावयाचे, अशी जुनी रीत आहे. ती मोडल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे; कारण ज्यांना ओसरीच नाही अशी बिऱ्हाडे आमच्या वर्ध्यातसुद्धा यंदा जिन्याच्या पायरीवर पणती ठेवतील. घराविषयी आपल्याकडे सुंदर बोलले गेले आहे, सुंदर लिहिलेही गेले आहे. परंतु घरे कमी का पडतात, हा साधा प्रश्न त्या सुंदर वाङ्मयात कोणी विचारला आहे काय? दोन नमुने घेऊन पाहू.

पहिला आमच्या जिल्ह्यातला. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. शाळा या संस्थेवरच घाव घालणारे हे गृहस्थ. आम्हा मास्तर मंडळींचे त्यांच्याशी जुने भांडण आहे, पण ते येथे नको. बापूकुटीत बसून जे सुचले ते त्यांनी तेथील परिषदेत सांगितले आणि ते भाषण पुढे देशोदेशी वाचले गेले. लाकूड आणि माती यांतून माणसाच्या हातांनी घडलेली ही वास्तू म्हणजे खरे घर. आजची सिमेंट-विटांची घरे म्हणजे सामानसुमान ठेवण्याच्या जागा, असा त्यांचा आशय. भाषण मनाला भिडते. मीराबहेननी कुटीच्या भिंतीवर मातीत उठवलेली झाडे ज्याने पाहिली आहेत, तो इलिचशी वाद घालावयास सहसा धजणार नाही.

तरीही हे वाचन अपुरे आहे. इलिचनी एक कुटी वाचली. शेजारच्या कुट्या वाचल्या नाहीत. बापू शेगावला आले ते ३० एप्रिल १९३६ रोजी. (सेवाग्राम हे नाव १९४० चे.) एकटेच राहावयाचे, घराचा खर्च वाढू द्यावयाचा नाही आणि सामान आसपासचेच वापरावयाचे, असा त्यांचा आग्रह. त्याप्रमाणे आदिनिवास उभा राहिला. पण एकटे राहू देतो कोण? बा आल्या, प्यारेलाल आले, तुकडोजी महाराज आले, खान अब्दुल गफार खान आले; आणि सारे त्या एका घरात! बांना स्त्रीला हवा तो आडोसा मिळेना. तेव्हा त्यांना साधेपणावर प्रवचन देऊन कोणी गप्प बसविले नाही. जमनालालजींनी बांसाठी वेगळी कुटी बांधून दिली. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबहेनची. पुढे महादेवभाईंसाठी कुटी झाली, किशोरलालभाईंसाठी झाली. कुष्ठरोगामुळे कुठेच थारा नसलेले परचुरे शास्त्री आले, तेव्हा त्यांच्यासाठीही झाली. माणूस आला की भिंत उठे. सेवाग्रामचा हा इतिहास भाषणात नाही आणि आश्रम पाहून परतणाऱ्या सहलीच्या मुलांच्या निबंधांतही तो कधी आढळत नाही. मुले लिहितात, बापू लहानशा घरात राहत. बांना दुसरे घर लागले, हे लिहीत नाहीत.

हे तेव्हा जमले, कारण जमीन जमनालालजींची होती, माती पायाखाली होती आणि मंजूर नकाशा कोणी मागत नव्हते. आज सेवाग्राम रस्त्यालगत कोणाला तसेच मातीचे घर बांधावयाचे झाले, तर आधी लेआउटची मंजुरी हवी. नियम उगाच झाले नाहीत. रस्ता, नाली, पाणी यांचा विचार कोणीतरी करावयासच हवा. पण नियम करणाऱ्याने हेही मोजावे, की त्यापायी किती घरे बांधली गेलीच नाहीत. न बांधलेले घर कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची कीवही कोणाला येत नाही.

दुसरा नमुना पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’चा (१९५८). हे पुस्तक ज्याला आवडत नाही त्याच्याशी मी वाद घालीत नाही, चहा देऊन वाटेला लावतो. तथापि शेवटच्या चिंतनात चाळ जाणार म्हणून जो गळा दाटतो, तो मला आता थोडा खटकतो. त्या दाटीला प्रेमाचे रूप दिले, म्हणून दाटीचे कारण झाकले गेले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले हे खरेच; पण मालकाने डागडुजी सोडली आणि भाड्यासाठी नवी चाळ बांधण्यात कोणाला राम उरला नाही. पुढे प्लॉटवर किती बांधावे याची मर्यादा आली : शहरात १.३३, उपनगरात १. म्हणजे हजार फुटांच्या जागेवर सारे मजले मिळून फार तर तेराशे तीस फूट. १९७६ च्या जमीनधारणा कायद्याने मोकळी जमीन बाहेर येण्याऐवजी खटल्यांत अडकली; राज्याने तो रद्द केला २००७ मध्ये! ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या बोलपटात नवपरिणित जोडप्याला एकांत मिळत नाही. प्रश्न सुटतो तो घरच्यांच्या मायेने, खोली काही वाढत नाही. आपण डोळे पुसून घरी आलो. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ने (१९६३) ही गोडी मोडली खरी, पण झोपडी आणि नकाशा यांचा संबंध तेथेही राहून गेला.

मुंबईचे दुखणे मुंबईला, असे वर्धेकरांनी म्हणू नये. आमच्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे हुकूम थेट २००० सालापर्यंत चालला. घर रिकामे झाले की कलेक्टरला कळवावयाचे, आणि ते कोणाला द्यावयाचे हे सरकारने सांगावयाचे! अशा वेळी मालकाला कुलूपच सोयीचे वाटले तर नवल कसले?

कोणी म्हणेल, नवे फ्लॅट होतात ते पैसेवाल्यांसाठी. गरिबाला त्याचा काय उपयोग? हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. अगदी गरिबाला सरकारने हात द्यावयासच हवा. पण वकीलसाहेब नव्या घरात गेले की त्यांच्या जुन्या दोन खोल्या कारकुनाला मिळतात आणि कारकुनाची खोली नव्याने लागलेल्या शिक्षकाला. नवे घर झालेच नाही, तर वकीलसाहेब जास्त भाडे देऊन कारकुनाचीच खोली घेतात. वर्गात ऐंशी मुले कोंबली म्हणजे शिस्तीवर कितीही भाषणे द्या, शेवटच्या बाकावरची मुले भिंतीलाच चिकटून बसणार. तेथे दुसरी खोली लागते. हे प्रत्येक मास्तराला ठाऊक असते. कादंबरीकाराला मात्र पुष्कळदा विसर पडतो, कारण दाटीत भांडणे होतात आणि भांडणांतून प्रकरणे निघतात.

सेवाग्रामला गेलात तर आखरी निवासही पाहा. तो जमनालालजींनी स्वतःसाठी बांधला होता. १९४२ च्या फेब्रुवारीत ते गेले. पुढे बापूंचा खोकला बळावला, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावरून ते त्या घरात राहावयास गेले आणि २५ ऑगस्ट १९४६ रोजी तेथूनच दिल्लीला निघाले.