ऋतूंचे सूत्र आणि वृंदाचा सूर

गायकाविषयी आपण पुष्कळ बोलतो, रागाविषयी त्याहूनही अधिक. परंतु कोणत्या गीतापुढे कोणते गीत ठेवावे आणि ते का ठेवावे, हा प्रश्न आपल्या संगीतचर्चेत क्वचितच निघतो. वस्तुतः दोन गीतांमधील जागा हीदेखील गाण्याचाच भाग होय. शृंगाराच्या ठुमरीनंतर तुकारामाचा अभंग आला तर त्याचा अर्थ एक होतो. हरिपाठानंतर आला तर दुसरा होतो. कार्यक्रमाची मांडणी हे म्हणूनच एक प्रकारचे भाष्य आहे. ते जाणीवपूर्वक करावे की नकळत होऊ द्यावे, एवढीच काय ती निवड कार्यक्रम बसविणाऱ्याच्या हाती असते.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मंडळांचे कार्यक्रम बहुधा दुसऱ्या मार्गाने जातात. आरंभी नांदी, मग एखादा अभंग, दोन नाट्यपदे, चार भावगीते, एक लावणी, तरुणांच्या समाधानार्थ एखादे नवे गीत आणि शेवटी भैरवी. याला काळाचा क्रम म्हणता येईल, सोयीचा तर निश्चितच म्हणता येईल. सूत्र मात्र म्हणता येत नाही. कचेरीच्या आवक बारनिशीत कागद तारखेवार चढतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध असलाच पाहिजे असे नसते. तशीच ही गीते एकामागून एक चढत जातात. ज्येष्ठांना जुने मिळते, तरुणांना नवे मिळते. परंतु जुन्याने नव्यास काही विचारले आणि नव्याने त्यास उत्तर दिले, असे काही घडत नाही.

ते कसे घडवावे याचा सर्वांत मोठा वस्तुपाठ मराठी रसिकांना एका परप्रांतवासी गायकानेच दिला. कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला, मुंबईत बा. र. देवधर यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. आणि क्षयरोगाने ग्रासल्यावर कोरड्या हवेसाठी ते माळव्यातील देवासला जाऊन राहिले. मातृभाषेने कानडी, शिक्षणाने मुंबईकर आणि वास्तव्याने माळवी असा हा गायक काही वर्षे गाऊ शकत नव्हता. परंतु ऐकू शकत होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी ऐकली, नाथपंथी गायकांचे निर्गुण ऐकले आणि त्या धुनांत रागांची बीजे कशी दडलेली असतात याचा शोध घेतला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अनूपरागविलास’ हे त्या शोधाचे ग्रंथरूप फळ. आणि ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ हे ऋतुकार्यक्रम हे त्याचे मैफलीतील फळ.

या कार्यक्रमांचे वैशिष्ट्य केवळ ऋतूचे नाव घेण्यात नव्हते. पावसाची दहा गाणी एकत्र केली की वर्षेचा कार्यक्रम होतो, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. कुमारांनी माळव्यातील लोकगीत, परंपरेतून आलेली बंदिश आणि स्वतः बांधलेली नवी रचना यांना एका पंक्तीस बसविले, तेव्हा त्या तिघींचे वय श्रोत्याच्या लक्षातच राहिले नाही. लोकगीत ऐकल्यावर जुन्या मल्हाराच्या बंदिशीतील मातीचा वास जाणवू लागतो. आणि ती बंदिश ऐकल्यावर नवी रचना कोणाच्या कुळातील आहे ते उमगते. ज्येष्ठ-कनिष्ठ हा भेद गळून पडतो आणि पाऊस हा एकच अनुभव निरनिराळ्या तोंडांनी बोलू लागतो. सूत्राचे खरे कार्य हेच होय. जे सूत्र काढून घेतले तरी प्रत्येक गीत पूर्वीइतकेच आणि पूर्वीसारखेच उरते, ते सूत्र नव्हे, ते केवळ जाहिरातीतले नाव.

याच कसोटीवर त्यांचे इतर कार्यक्रमही पाहण्याजोगे आहेत. ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास आणि मीरा एकत्र आले. निर्गुणाचा उपासक, सगुणाचा गायक आणि प्रेमाने वेडी झालेली राजकन्या यांना एका आसनावर बसविणे हे धाडसच होते. परंतु त्यामुळेच प्रत्येकाचा स्वभाव दुसऱ्याच्या सान्निध्यात उठून दिसला. भा. रा. तांबे यांच्या कवितांचा कार्यक्रम आपल्यासारख्यांना विशेष जवळचा वाटावा. कारण देवास, ग्वाल्हेर अशा संस्थानांत नोकरीनिमित्त आयुष्य घालविलेला तो मराठी कवी होता आणि ज्या गावात तो एके काळी राहिला, त्याच गावातील एका गायकाने त्याला पुन्हा सूर दिला. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावात तर मांडणी करणाऱ्याची भूमिकाच सांगितलेली आहे. ‘मला उमजलेले’ हे दोन शब्द म्हणजे नम्रता आहे आणि तितकीच जबाबदारीही आहे. निवड माझी, अर्थ माझा, आणि त्याचा जाबही मलाच विचारा, असे सांगण्याचे धैर्य त्यात आहे.

या पद्धतीवर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. रागाला ऐसपैस जागा लागते. सूत्राच्या ओढीने ती आखडते. शब्दाला महत्त्व आले की स्वर त्याचा सेवक होण्याचे भय असते. परंतु याहून गंभीर असा एक आक्षेप आहे. माळव्यातील ती गाणी मूळची बायकांनी मिळून गायिलेली. मैफलीत ती एका थोर गायकाच्या कंठातून आली, तेव्हा त्यांना अपूर्व तेज चढले खरे. परंतु अनेकींचा आवाज एकाचा झाला. एकीने ओळ उचलावी आणि बाकीच्यांनी ती झेलावी, यातील सामूहिक सुख मैफलीच्या रचनेत सामावणे शक्य नव्हते. हा कुमारांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांनी आपल्या माध्यमाची मर्यादा ओळखूनच काम केले. परंतु जे काम त्यामुळे शिल्लक राहिले, ते वृंदाचे आहे.

पाश्चात्त्य देशांत हे काम लहान गायकवृंद करीत आले आहेत. वीसपंचवीस कंठांचा वृंद सोळाव्या शतकातील प्रार्थना आणि कालपरवाची रचना एका संध्याकाळी शेजारी ठेवतो. १९९४ मध्ये निघालेल्या ‘ऑफिसियम’ या ध्वनिमुद्रिकेत हिलियर्ड या इंग्रज चौकडीने मोरालेससारख्या जुन्या रचनाकाराचे धर्मसंगीत गायिले आणि यान गार्बारेक या नॉर्वेच्या वादकाने त्याभोवती सॅक्सोफोनवर उत्स्फूर्त वादन केले. जुने जसेच्या तसे राहिले, तरी ते निराळे ऐकू आले. आपल्याकडे मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी स्थापन केलेल्या आणि पुढे कूमी वाडिया यांनी दीर्घकाळ चालविलेल्या वृंदाने युरोपातील जुन्या रचनांसोबत वनराज भाटिया यांच्यासारख्या भारतीय रचनाकाराची वृंदगीतेही गायिली. मात्र त्या वृंदांची शक्ती एकाच वेळी निरनिराळे स्वर गाण्यात आहे. ती आपण उसनी आणावयाची म्हटली तर रागाचा एकपदरी धागा तुटण्याचा संभव असतो. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि विद्यार्थ्यांकडून समूहाने प्रार्थना म्हणवून घेतल्या, तेव्हापासून आपल्या शिक्षित समाजातील वृंदगान बहुतांशी एका सुरात म्हणण्यापुरतेच राहिले. मींड, मुरकी, तान हे एकट्याचे वैभव. ते पंधरा जणांनी मिळून करू जाता सूर गढूळ होतो. मग वृंदाचे स्वतःचे वैभव कोणते?

त्याचे उत्तर आपल्या लोकपरंपरेत आहे. वृंदाचे वैभव प्रश्नोत्तरात आहे. वारकरी भजनात एकाने चरण म्हणावा आणि सर्वांनी ध्रुपद धरावे. जात्यावर एकीने ओवी उचलावी आणि दुसरीने ती पुरी करावी. आणि या दृष्टीने पाहिले तर भिलाईतील मराठी मंडळी ज्या प्रदेशात राहतात, तो वृंदगानाच्या बाबतीत केवढा संपन्न आहे!

१९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, त्याच्या आगेमागे आपली माणसे येथे आली. त्यापूर्वी, १९५६ पर्यंत, हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. इतक्या निकटच्या प्रदेशाचे गाणे मात्र आपण दूरच ठेवले. दिवाळीच्या सुमारास छत्तीसगढी बायका टोपलीत भात भरून त्यावर पोपटाची मूर्ती ठेवतात, तिच्याभोवती फेर धरतात आणि टाळ्यांच्या तालावर सुआगीत गातात. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती परत देतो. पोपटाला निरोप्या करून सासुरवाशिणीने आपले दुःख सांगावे, ही त्या गीतांची नेहमीची धाटणी. त्याच्या थोडे आधी, आश्विनात, आपल्या मुली पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरतात आणि भोंडल्याच्या गाण्यांत सासरची थट्टा आणि माहेरची ओढ गातात. मध्ये हत्ती की पोपट एवढाच भेद. फेर तोच, वाद्यावाचून चालणारा ताल तोच, आणि सासरमाहेरच्या उंबऱ्यावर उभी असलेली स्त्रीही तीच. आपल्या गाण्यात ती हसून बोलते, येथल्या गाण्यात कण्हून बोलते. ही दोन गीते शेजारी ठेवली की भोंडल्याच्या हसण्यामागचे कण्हणे ऐकू येते. हत्ती आणि पोपट या एवढ्याच सूत्रावर एक संध्याकाळ उभी राहील, आणि त्यात आजच्या एखाद्या कवयित्रीची नवी रचनाही आपली जागा आपोआप शोधील.

अशी स्थळे आणखीही दाखविता येतील. श्रावणात आपल्याकडे मंगळागौर जागविली जाते, तेव्हा येथे टोपल्यांत अंकुरलेल्या भोजलीची गाणी होतात. कबीर ‘त्रिवेणी’तून आपल्या परिचयाचा झाला, परंतु धर्मदासांच्या परंपरेतील कबीरपंथाची मोठी गादी छत्तीसगढातच, दामाखेडा येथे आहे, आणि येथील घराघरांतून तो गायिला जातो. सतनामी समाजाचे पंथी नृत्यगान हे तर गुरू घासीदासांच्या स्मरणाचे जिवंत वृंदगानच आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. शेजाऱ्याचे गाणे आपल्या कार्यक्रमात तोंडी लावण्यापुरते घेणे हे न घेण्याहून वाईट. ते गाणाऱ्यांनी गावे, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या उच्चारांत गावे. आपण आपले म्हणावे. आणि जेथे दोघांची ओळ जुळेल तेथे मिळून झेलावे. त्यासाठी पेटीचा काळी चार आणि तबलजीची सोय पाहण्याआधी एक ऋतुभर नुसते ऐकावे लागेल. कुमारांनी कित्येक ऋतू ऐकले.

बदलीच्या नोकरीत माणूस आपले गाव बरोबर घेऊन हिंडतो आणि जेथे राहतो त्या गावाला बहुधा क्वार्टरच्या कुंपणाबाहेर ठेवतो. त्यामुळे आपले जुने संगीत स्मरणापुरते उरते आणि पुढच्या पिढीला ते वडीलधाऱ्यांच्या सामानातील एक नग वाटू लागते. जुन्याला नवा शेजार मिळाला तरच ते पुन्हा बोलते. येथल्या बायका भोजलीचे अंकुर एकमेकींच्या कानांत खोवून जन्माचे मैत्र जोडतात. येत्या श्रावणात आपल्या मंडळाने मंगळागौरीचा कार्यक्रम ठरविताना त्यांना निमंत्रण द्यावे, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे गाणे आभारप्रदर्शनाच्या आधी न घालता मध्यभागी घालावे, एवढीच सूचना.