एका ओळीतील तीन अटी

आज्ञावलीचा वेग वाढवण्यासाठी बेसिकच्या शिकवणीवह्यांत एक सल्ला आमच्या वारंवार पाहण्यात आला: सुट्या अटी ‘अँड’ आणि ‘ऑर’ने जोडा, एकाच ओळीत बसवा. एका शाळेत तर अटी तीन ओळींत लिहिणाऱ्या मुलीचा अर्धा गुण आमच्यादेखत कापला गेला. आमच्या मते तिचेच उत्तर अधिक चांगले होते.

सल्ला निराधार नव्हता, हे कबूल केले पाहिजे. बीबीसी मायक्रोवर किंवा जीडब्ल्यू-बेसिकमध्ये इंटरप्रिटर प्रत्येक ओळीचा अर्थ दर वेळी नव्याने लावत असे. ओळी कमी झाल्या की थोडा वेळ वाचे. पण तुलना किती होतात, ते कोणी मोजायचे?

त्या मुलीचे उदाहरण लीप वर्षाचे होते. ज्याला ४ ने निःशेष भाग जातो पण १०० ने जात नाही, किंवा ४०० ने जातो, ते लीप वर्ष. १ ते ४०० ही वर्षे तपासू. अटी एका ओळीत जोडल्या, तर प्रत्येक वर्षासाठी तिन्ही तुलना होतात; एकूण १२००. कारण या दोन्ही बेसिकमधला ‘अँड’ पहिली अट खोटी ठरली तरी थांबत नाही. तो दोन्ही बाजूंची उत्तरे काढतो आणि मग ती बिटागणिक जुळवतो. आता अटी सुट्या करून आधी ४ चा प्रश्न विचारा. ३०० वर्षे तिथेच निकालात निघतात. उरलेल्या १०० पैकी ९६ वर्षे दुसऱ्या प्रश्नात सुटतात, तिसरा प्रश्न फक्त ४ वर्षांना लागतो. ३०० + १९२ + १२, म्हणजे ५०४ तुलना! मात्र हेच प्रश्न ४०० पासून उलट विचारले, तर ११९५ होतात. अटी सुट्या करून भागत नाही. क्रम ठरवायला पंचांग माहीत हवे.

जोडओळीचा धोका वेगळाच. ‘न शून्य नाही आणि १०० भागिले न ५ हून मोठे आहे’ ही अट निर्धोक वाटते. पण न शून्य असला तरी भागाकार होतोच आणि बीबीसी मायक्रोवर आज्ञावली चूक दाखवून थांबते.

आणखी एक युक्ती हुशार मुलांना फार आवडते. या बेसिकमध्ये खऱ्या तुलनेचे मूल्य उणे १ असते, म्हणून २८ मधून लीप वर्षाची अट वजा केली की फेब्रुवारीचे २९ दिवस मिळतात. ‘इफ’ लागतच नाही. पण स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये खऱ्याचे मूल्य अधिक १ होते. तिथे लीप वर्षाचा फेब्रुवारी २७ दिवसांचा!

वर्गात करून पाहण्याजोगे: ३५, ४५ आणि ६० टक्क्यांवरून मुलांच्या श्रेणी ठरवायच्या आहेत. पहिली तुलना कोणत्या आकड्याशी करावी? आपल्या वर्गाचा मागचा निकाल समोर ठेवा आणि कागदावर तुलना मोजा. शेजारच्या तुकडीचे उत्तर वेगळे येऊ शकते.