मननाला झालेली घाई

मराठी ख्रिस्ती साहित्यात आज सर्वांत जास्त काय वाचले जाते, असे कोणी विचारले तर उत्तर कवितेत सापडणार नाही, आत्मचरित्रातही नाही. ते सापडेल दीड-दोनशे शब्दांच्या रोजच्या मननात. पहाटे पाचच्या सुमारास ते फोनवर येऊन पडते, सूर्योदयाच्या नाहीतर मेणबत्तीच्या चित्रासकट. मासिकांच्या पानांवर ते असते, चर्चमध्ये वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकेत असते, ईस्टरआधीच्या लेंटच्या चाळीस दिवसांसाठी वेगळे छापूनही घेतले जाते. वर वचन, खाली एखादी हकीकत, मग बोध आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना. ज्या घरात दिवसभरात दुसरे मराठी गद्य कोणी वाचत नाही, त्या घरातही हे वाचले जाते. तरीही या प्रकाराकडे समीक्षक फिरकलेले नाहीत. भक्तीच्या लेखनाला चांगले-वाईट म्हणणे म्हणजे कोणाच्या तरी श्रद्धेला नावे ठेवणे, असा आपला संकोच असतो. मला तो पटत नाही. अभंगांत डावे-उजवे करताना आपण कधी संकोचलो नाही.

हा साचा मराठीत जन्मलेला नाही, आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. सॅक्सनीतल्या हेर्नहुट गावी काउंट झिंझेनडॉर्फच्या आश्रयाला राहिलेल्या मोरेव्हियन मंडळीने १७२८ साली रोज एक वचन घरोघर जाऊन सांगायला सुरुवात केली. १७३१ पासून ती वचने वर्षभरासाठी चिठ्ठ्या टाकून काढून छापली जाऊ लागली, आणि ते पुस्तक आजही दरवर्षी निघते. त्यात स्पष्टीकरण नसते. वचन आणि जोडीला गीताच्या किंवा प्रार्थनेच्या चार ओळी, बस्स. पुढे लंडनच्या स्पर्जन या उपदेशकाने सकाळ-संध्याकाळची वाचने लिहिली. ऑस्वल्ड चेंबर्सचे १९२७ चे जगभर गाजलेले पुस्तक तर त्याने लिहिलेलेच नाही. तो १९१७ मध्ये इजिप्तमध्ये वारला, त्याची व्याख्याने बायकोने लघुलिपीत उतरवून ठेवली होती, आणि त्यांतून तिने वर्षाचे दिवस भरले. १९५६ साली अमेरिकेतल्या मिशिगनमधून ‘अवर डेली ब्रेड’ निघू लागले आणि साच्याला आजची मापे मिळाली: हकीकत, वळण, लागूकरण. आपल्याकडे फिरणारी बहुतेक मनने याच मापाची आहेत. कित्येक तर सरळ भाषांतरे. म्हणून जून महिन्यात, कौलांवर पाऊस वाजत असताना, अंगणातला बर्फ फावड्याने उपसणाऱ्या गृहस्थाची गोष्ट आपण वाचतो आणि त्यावरून देवाच्या क्षमेबद्दल शिकतो.

कॅथॉलिकांची गोष्ट थोडी वेगळी. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर १९६९ मध्ये वाचनांची नवी मांडणी झाली: रविवारची तीन वर्षांच्या चक्राने, आठवड्याच्या दिवसांची दोन वर्षांच्या. तिथे मननकाराला उतारा निवडायची मुभा नाही. जो येईल त्यावर लिहायचे. ही सक्ती मला फायद्याची वाटते, कारण तिच्यामुळे अडचणीचे उतारे टाळता येत नाहीत. पण टाळता येत नसले तरी त्यांवरून चटकन पुढे सरकता येते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. आजच्या मराठी मननाला घाई झाली आहे. उतारा वाचून होण्याआधीच बोध दाराशी हजर असतो. देवाशी जवळीक हा ज्या लेखनाचा एकमेव विषय, त्यात ती जवळीक जाहीर केली जाते, घडताना दिसत नाही.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र घ्या. दीडशे स्तोत्रांत रडगाणी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना शेवटी कुठेतरी उजेडाची फट आहे. या एका स्तोत्राला ती नाही. मित्र दूर गेले, आप्त दूर गेले, उरला तो अंधार, आणि तिथेच ते संपते. ज्याने कोणी ते स्तोत्रसंग्रहात राहू दिले त्याची छाती मोठी होती. यावरची मराठी मनने काढून बघा. तिसऱ्या परिच्छेदात पौलाच्या रोमकरांस पत्रातला आठवा अध्याय मदतीला धावून येतो आणि दिवा लावून जातो. पौलाबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्याच्या घरात काल मयत झाली त्याला शास्त्रातली एवढी एकच जागा आपलीशी वाटणार होती, आणि मननकाराने ती सारवून टाकली.

दुसरा उतारा जरा सावकाश पाहू. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायातली कनानी बाई. कॅथॉलिक चक्रात ती तीन वर्षांतून एकदा ऑगस्टच्या मध्यावरच्या रविवारी येते, आणि एरवीही अधूनमधून भेटत राहते. मुलगी आजारी आहे म्हणून ती येशूच्या मागे ओरडत चालली आहे. तो आधी काही बोलतच नाही. शिष्य म्हणतात, हिला वाटेला लावा. मग तो म्हणतो, मी इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांसाठी आलो आहे. ती पाया पडते. तेव्हा तो लेकरांच्या भाकरीचे आणि कुत्र्यांचे ते वाक्य बोलतो, जे त्याच्या तोंडी नसते तर बरे झाले असते असे प्रत्येक उपदेशकाला मनातून वाटते. आणि बाई त्याचाच दाखला उचलून त्याच्यावर फिरवते: मेजावरून पडलेले तुकडे तर कुत्र्यांनाही मिळतात. तो हरतो. शुभवर्तमानांत वादात हरलेला येशू दुसरीकडे कुठे आठवत नाही. मुलगी बरी होते.

मराठी मननात याचे काय होते? एक वाक्य ठरलेले आहे: येशू तिच्या विश्वासाची परीक्षा पाहत होता. मत्तयाने असे कुठेही म्हटलेले नाही. वाक्य सोयीचे आहे, कारण त्याने येशूही सुटतो आणि वाचकही. मग नम्रता, चिकाटी, प्रार्थनेत खंड पडू न देणे, आणि आमेन.

आता हा उतारा अहिल्यानगर किंवा जालना जिल्ह्यातल्या मंडळीत वाचला जातो तेव्हा समोर कोण बसलेले असते, ते बघा. पुष्कळांच्या पणज्या-पणजोबांनी महारवाड्यातून, मांगवाड्यातून येऊन बाप्तिस्मा घेतला. गावकीची कामे करून संध्याकाळी येसकराने घरोघर हिंडायचे, आणि शिवाशीव होऊ नये म्हणून वरून टाकलेली भाकरी झेलायची. लग्नाच्या पंगती उठल्यावर उष्ट्याची वाट पाहायची. हे तपशील दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये मराठी वाचकासमोर ठेवले, आणि नंतरच्या दलित आत्मकथनांनी त्यात भर घातली. मेज, लेकरे, कुत्री, तुकडे: जगातल्या फार थोड्या मंडळ्यांना ही चार नामे इतकी आतून कळत असतील. त्या बाईने उष्ट्यावर हक्क सांगितला तो लाचारीने की हुशारीने? तिच्या जागी आपली पणजी असती तर काय बोलली असती? आणि ज्या गुरूच्या पंगतीला आपण सारे एका भाकरीतून घेतो, त्याने आधी कुत्रे म्हटले याचे काय करायचे? या प्रश्नांवर इथल्या मननकाराला जे लिहिता येईल ते मिशिगनच्या माणसाला जन्मात जमणार नाही. पण तसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. आत्मकथने एका कप्प्यात आणि वचने दुसऱ्यात, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे.

वाटणी जुनी मात्र नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने १६१६ साली गोव्यात राचोलच्या छापखान्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले. दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि पहिली छपाई रोमी लिपीत. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. श्रोते मधेच प्रश्न करतात, शंका काढतात, आणि पाद्रीला थांबून उत्तर द्यावे लागते. ऐकणाऱ्याला अडवायचा अधिकार आहे हे त्याने पुराणिकांकडून उचलले. आजच्या मननात वाचकाला तोंडच नसते. लेखक विचारतो आणि लेखकच उत्तर देतो.

नारायण वामन टिळकांनी तर नात्याची सगळी भाषाच वारकऱ्यांकडून घेतली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड सांगत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन, आणि १९१९ मधल्या मृत्यूच्या दोनेक वर्षे आधी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी उभारण्याचा प्रयत्न. त्यांच्या अभंगांतला भक्त ख्रिस्ताकडे हट्ट धरतो, रुसतो, आईकडे मागावे तसे मागतो. ‘उपासना संगीता’तून ती पदे आजही दर रविवारी गायली जातात. गंमत अशी की तीच मंडळी गाताना टिळकांच्या मराठीत देवाशी भांडते आणि पेटी मिटली की भाषांतराच्या मराठीत त्याचे आभार मानू लागते. (टिळकांचेही सगळेच सोने नाही. प्रचाराची घाई त्यांनाही कधीकधी होई आणि मग अभंगाचे पत्रक होऊन जाई.)

पण रोजच्या मननाला खरा नमुना हवा असेल तर तो गद्यात आहे, आणि तो टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आली. त्या पुस्तकाला कोणी भक्तिग्रंथ म्हणत नाही, म्हणूनच ते शेल्फावर राहिले आणि मननपुस्तिका रद्दीत गेल्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावरची ती वर्षे, मग पुन्हा एका छपराखाली पण वेगळी चूल, पाण्याचा आणि सोवळ्याचा छळ, आणि एक दिवस जात देवाने केली की माणसाने हा हिशेब स्वतःशी बसून सोडवणे. हे सगळे बाई सांगते ते स्वयंपाकघरातल्या भाषेत, स्वतःला हसत. धर्मांतर हा शब्द ऐकल्यावर लोक ज्या मोठ्या दिव्य क्षणाची वाट पाहतात तो इथे येतच नाही. देव इथे हळूहळू घरात येतो, भांड्यांमधून वाट काढत. बोध काढायचा मोह एकदाही होत नाही. ज्या ‘ख्रिस्तायना’चे थोडे अध्याय लिहून टिळक गेले त्यातला फार मोठा भाग याच बाईने पुरा केला, तोही ओवीत. पण तिच्या भक्तीचा खरा पुरावा मी तिच्या गद्यात शोधेन.

मग भाषेचे काय झाले? पंडिता रमाबाईंना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पडला होता. प्रचलित मराठी बायबल केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांना कळत नाही, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत संपूर्ण भाषांतर केले. तिथल्याच बायका-मुलींनी खिळे जुळवले आणि छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या त्याच्या थोडेच आधी काम संपले होते, आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आले. ते भाषांतर प्रचारात राहिले नाही. आज मनन वाचताना तीन मराठ्या एका पानात भेटतात: वचनाची जुनी पुस्तकी, हकीकतीची इंग्रजीवरून उतरवलेली, आणि शेवटच्या प्रार्थनेची, जिच्यात ‘आशीर्वादित कर’ आणि ‘अभिषेक’ यांच्यावाचून पान हलत नाही. वाचणारी बाई घरात बोलते ती चौथीच.

वसईकडे वळले की थोडे बरे वाटते. ‘सुवार्ता’ ही पत्रिका १९५५ पासून निघते आहे. १९८३ पासून २००७ पर्यंत फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे संपादक होते, आणि त्यांनी धर्माचे पान गावच्या पाण्याला, शेतीला, हिरव्या वसईच्या लढ्याला जोडले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये धाराशिवच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा धर्मगुरूच्या निवडीवरून झालेली कुरकुर सगळ्यांना आठवत असेल. २०२४ मध्ये ते गेले. त्यांचे वाक्य स्वच्छ असे, आणि ज्ञानेश्वर-तुकारामांची सोबत त्यात उसनी वाटत नसे. तरी एक सांगतो: त्यांच्या मननांत समेट फार लवकर होई. ख्रिस्त, तुकोबा, गांधी सगळे एका मैफलीत येऊन बसत आणि कोणी कोणाशी भांडत नसे. ज्या माणसाने रस्त्यावर उतरून भांडणे केली, त्याच्या चिंतनात भांडण इतके कमी का, हे मला कोडे आहे. ‘निरोप्या’ हे १९०३ साली जर्मन जेसुइट हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले मासिक, आणि ‘ज्ञानोदय’, जे १८४२ पासूनचे, यांच्या पानांवरही चांगले गद्य अधूनमधून सापडते. पण सिसिलिया कार्व्हालो, अनुपमा उजगरे, सायमन मार्टिन यांच्यासारख्या कसदार लेखकांचा जोर कवितेवर, ललितावर, संशोधनावर. रोजचे मनन राहते ते धर्मगुरूंच्या आणि पाळकांच्या वाट्याला, आणि त्यांना आठवड्यात दोन मयती, एक लग्न आणि कमिटीची सभा असते. घाई तिथूनही येते.

सगळ्यांत जिवंत मनन आज छापलेले नाहीच, ते बोललेले आहे. स्त्रियांच्या संगतीत, उपास प्रार्थनेत, साक्ष द्यायला उठलेली बाई पदर सावरत सांगते, की नवरा गेल्यावर मी देवाशी बोलायचेच सोडले होते, सकाळी उठून नुसती भाकरी थापत होते. पुढे ती ‘पण प्रभूने’ म्हणते खरी, कारण तसे म्हणायची रीत आहे. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र आधीचा भाग राहतो. अशा बायकांकडून एखाद्या मासिकाने लेंटचे चाळीस दिवस लिहून घेतले, संपादकाने फक्त शुद्धलेखन तपासले आणि शेवटचे बोधाचे वाक्य कापले, तर कनानी बाईच्या दिवशी काय छापून येईल, ते मला वाचायचे आहे.