रूपक : अलंकार की विचाराची रीत?

रूपक हा काव्याचा अलंकार, असे आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत आलो. परंतु ज्याने कवितेची ओळही कधी वाचली नाही, त्याचेही डोके तापते आणि मन भरून येते. 'कुशल' म्हणजे मुळात कुश आणणारा. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हे रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून दिले आहे. अमेरिकेतील लेकॉफ व जॉन्सन यांनी १९८० साली याही पुढे जाऊन म्हटले की, रूपक केवळ शब्दांत नसून विचारातच असते. वेळेस आपण धन मानतो, म्हणूनच तो वाचवितो, खर्च करितो. फोकोनिए व टर्नर यांनी २००२ च्या ग्रंथात विशद केलेले संकल्पनांचे मिश्रण 'कागदी घोडे नाचविणे' या वाक्प्रचारात स्पष्ट दिसते : निष्फळ खटाटोपाचा अर्थ ना कागदात आहे, ना घोड्यात, तो दोहोंच्या मेळातून उपजतो.

मात्र रूपक जितके दाखविते, तितकेच झाकतेही. वेळ धन झाला की विसावा उधळपट्टी ठरतो. म्हणून वर्गात रूपक ओळखावयास शिकविणे पुरेसे नाही. ते काय झाकते, हेही विचारावयास शिकविले पाहिजे, असे आम्हांस वाटते.